उंबराखालचा महाशीर

साहेबाला पाण्यात उभं राहून तिसरा दिवस झाला, तरी माशांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. एकोणीसशे अठ्ठावीस सालचा पौष होता, थंडी मी म्हणत होती. सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेर नदीचा हा डोह जवळच्या पाड्यावरच्या खेमानंच दाखवलेला, त्यामुळे त्याला आता साहेबाची कीव येऊ लागली होती.

साहेब कमरेएवढ्या पाण्यात काठी सपासप फिरवी आणि दोरीच्या टोकाला गळावर बांधलेलं पीस पाण्यावर अलगद सोडी. विलायतेच्या पार उत्तरेला, कोसकोस माणूस दिसत नाही अशा नदीत, सालमन नावाचा मासा म्हणे असल्या पिसावर झडप घालतो.

"पीस खास?" खेमानं विचारलं. "तठे त्याले खावाले दुसरं काई भेटत नई का?"

धुळ्याहून आलेल्या बन्सीलाल कारकुनानं साहेबाला इंग्रजीत सांगितलं, "हुजूर, आपल्याकडचे मासे फार थोर, असं म्हणतोय." साहेब खूश झाला.

दुपारी खेमाची बायको धनीबाई भाकरी घेऊन आली. पलीकडे एक उंबर पाण्यावर झुकला होता. त्याचं फळ टपकन पडलं आणि खालचं पाणी ढवळून निघालं.

"मासा तठे जेवाले बठेल शे," ती साहेबाकडे बघत म्हणाली, "आनि हाऊ आठे पंखा हालवस!"

गळाला उंबर लावा, असं बन्सीलालनं सुचवताच साहेबानं नाक मुरडलं. खाणं दाखवून मासा धरणं त्याच्या लेखी निव्वळ लबाडी होती. पीस चालेल, लोकर चालेल, पण हातानं बांधलेलीच. मग त्याची नजर बन्सीलालच्या तांबड्या मफलरवर गेली.

"हुजूर, सासऱ्यांनी दिलाय!" बन्सीलाल कळवळला. तोवर कात्री चालली होती.

साहेबानं गळावर बांधलेलं लोकरीचं उंबर झाडाखाली पडलं. महाशीर माशानं ते गिळलं आणि तो साहेबासकट निघाला. टोपी एकीकडे, साहेब दुसरीकडे. खेमानं उडी घेऊन साहेबाचा पट्टा मागून धरला आणि दगडाला पाय रोवले. माशाचा प्रत्येक हिसका त्या पट्ट्यातून खेमाच्या हातात येत होता. हा बाबा तीन दिवस कशासाठी भिजत होता, ते त्याला तेव्हा कळलं.

तासाभरानं मासा थकून उथळ पाण्यात आला. खेमानं कल्ल्यांत बोटं घालून त्याला काठावर ओढलं. उभा धरला तर धनीबाईच्या खांद्याला लागेल एवढा!

फोटोसाठी तयार व्हायला साहेब काठावरच्या तंबूत गेला. कोरडे कपडे घालून, भांग पाडून बाहेर येतो तर धनीबाईनं माशाचे तुकडे करून हंडीत टाकलेले.

बन्सीलाल हंडीकडे धावला. "अहो बाई, फोटो काढायचा होता!"

"मंग काढा ना," म्हणत धनीबाईनं मुंडकं पुढे केलं. "तोंड आखं शे."

साहेब लालबुंद झाला. मग त्या मुंडक्याच्या वासलेल्या तोंडाकडे पाहून एकदम हसत सुटला. मुंडकं मांडीवर घेऊन त्यानं ऐटीत फोटो काढवला.

संध्याकाळी तिखट रश्श्यात भाकरी बुडवताना त्याच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी त्यानं तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. खेमानं ती काठोकाठ भरली आणि जरा सरकून त्याला शेकोटीजवळ जागा करून दिली.