ग्लेनिसने वाजवलेला शनिवार

मित्रांनो, साध्या गिटारीला सहा तारा असतात, मला चारच दिल्या, पण जाड. गाणे ऐकताना माझा आवाज कुणाला वेगळा कळत नाही; मी थांबले की मात्र अख्खे गाणे लंगडू लागते. मी जुनी बेस गिटार, ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्ब्ला बंदरातल्या एका घरात, कपडे धुण्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेली.

मेलबर्नच्या एका कारागिराने मला मेपलच्या लाकडातून घडवले आणि लाल रंग चढवला. रोली टेंचने मला घेतले तेव्हा तो पोलादाच्या कारखान्यात कामाला होता. पाळी संपली की हातांची काजळी धुऊन तो मला मांडीवर घ्यायचा. शाळेपासूनचा मित्र मर्व्ह हॅगर्टी याच्यासोबत त्याने ‘सिंडर’ नावाचा बँड काढला. मर्व्ह गाणी रचून गायचा, स्टाव्ह्रो ड्रम वाजवायचा. समुद्राकाठच्या पबांत लोक टेबलावर मुठी आपटून आमच्याबरोबर ताल धरत. तसे सुख मला पुन्हा मिळाले नाही.

एकदा मासेमारीला गेलेला असताना रोलीचा डावा हात बोटीच्या दोरात अडकला. दोन बोटे गेली. तारा दाबणार कशाने? मर्व्ह इस्पितळात येऊन ढसाढसा रडला, आणि लगेच नवा बेसवाला शोधू लागला. रोलीने मला बँडलाच देऊन टाकले. मग मला वाजवणारे हात बदलत राहिले. एक जण मर्व्हच्या हुकमतीला कंटाळून गेला. दुसऱ्याला सिडनीच्या बड्या बँडने उचलले. मला पुसायचीही कुणाला सवड नव्हती. उन्हात तापलेल्या गाडीत पडून पडून माझी मान वाकली.

तिसरा बेसवाला भांडून निघून गेला, तेव्हा मर्व्ह मला घेऊन रोलीच्या दारात आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“रोली, मी बुडालो रे. शनिवारी दुपारी रेकॉर्ड कंपनीचा माणूस ऐकायला येतोय.”

“माझ्याकडे काय बघतोस? उरलेल्या बोटांनी वाजवू?”

रोलीची बायको ग्लेनिस कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, “मी वाजवते.”

मर्व्ह हसला. “अगं, हे अंगाईगीत नाही.”

“मग शोध दुसरा कुणी.”

दुसरा कुणी नव्हताच. मला मात्र नवल वाटले नाही. मी या घरात होते तेव्हा, रोली कामावर गेला की ती मला हळूच काढून वाजवत बसे, हे फक्त मला ठाऊक होते.

रोलीने माझी मान सरळ केली, नव्या तारा चढवल्या आणि शेजारी बसून तिच्याकडून मर्व्हची गाणी बसवून घेतली; बेसची चाल मात्र तिने स्वतःची बांधली. तिच्या बोटांना फोड आले, फुटले. मिठाच्या पाण्यात बोटे बुडवून ती पुन्हा वाजवायला बसे.

शनिवारी पबमध्ये कुणीतरी ओरडले, “बाई, स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे.” ग्लेनिसने स्टाव्ह्रोकडे पाहून मान हलवली आणि सुरुवात केली. तिसऱ्या गाण्याला तोच माणूस टेबलावर मूठ आपटत होता. कार्यक्रम संपल्यावर कंपनीच्या माणसाने मर्व्हला बाजूला नेले.

सोमवारी घरासमोर बँडची गाडी थांबली. स्टाव्ह्रो एकटाच आत आला. त्याला बसायलाही जमेना.

“ग्लेनिस, कंपनीने घेतलंय आम्हाला. पण बेसला ते त्यांचा माणूस देणार. फोटोत सगळी पोरंच हवीत म्हणे.”

“मर्व्ह कुठाय?”

“गाडीत.”

मी तिच्या खांद्याला लटकलेलीच होते. ती तशीच अनवाणी बाहेर गेली आणि गाडीची काच ठोठावली. “काच खाली कर, मर्व्ह. तुझ्या तोंडाने सांग.”

मर्व्ह समोर पाहत राहिला. इंजिन चालूच होते.

दारातून रोली म्हणाला, “माझी बोटं गेली तेव्हा निदान रडलास तरी. आता तेवढंही नाही?”

गाडी निघाली. पुढे जाऊन थांबली, तेव्हा स्टाव्ह्रो पळत जाऊन तिच्यात चढला. ग्लेनिस रस्त्यावर उभीच होती.

काही महिन्यांनी रेडिओवर सिंडरचे गाणे लागले. ग्लेनिसने ते बंद केले नाही. हातातला टॉवेल तसाच धरून ती ऐकत राहिली. नव्या बेसवाल्याने तिचीच चाल वाजवली होती, जशीच्या तशी. रेडिओवाल्याने बँडमधल्या सगळ्यांची नावे घेतली. तिचे नव्हते.

“चांगलं वाजवलंय,” ती म्हणाली, आणि त्याच दिवशी तिने मला या खिळ्याला टांगले.

इथे वाफ फार. माझ्या दोन तारा गंजून तुटल्या, लाकूड फुगले. मित्रांनो, वाद्य वाजवायचे नसेल तर निदान कोरड्या जागी ठेवा. आणि अडल्या वेळी कुणाला हाक मारलीत, तर वेळ निघून गेल्यावर त्याचे नाव गिळू नका. मला नव्या तारा मिळाल्या तर मी अजून बोलेन. पण ग्लेनिसला आधी कुणीतरी विचारायला हवे, “वाजवशील का?” ती आपणहून आता कधीच म्हणणार नाही.