वितळलेली कुपी

वाचकहो, मला जाळायला नेण्याआधी दोन शब्द ऐकून घ्या. मी एक कुपी बोलतेय. करंगळीच्या पेराएवढी, प्लास्टिकची. माझ्या पोटात युदेल्काच्या रक्तातलं पिवळसर पाणी आहे. सांतियागो शहरातल्या एका इस्पितळात ती नर्स आहे.

युदेल्काला सांधेवात. त्याच्या गोळ्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती दबते. कोरोनाच्या लशीचे दोन डोस झाले, तरी तिच्या रक्तात प्रतिपिंडांचा पत्ता नाही. म्हणून तिसरा डोस वेगळ्या जातीच्या लशीचा दिला. इस्पितळातल्या सगळ्यांनाच तसा दिला होता, आणि या मिसळीने कोणाच्या रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली याचा अभ्यास चालू होता. ठरलेल्या दिवशी तिचं रक्त घेतलं आणि माझा जन्म झाला.

"एलिगियोकाका, आकडा कळेपर्यंत मला कोरोना वॉर्डातून सूट मिळालीय," ती प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्याला म्हणाली. "लवकर बघा हं. मला भीती वाटते."

"पोरी, तू तर आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाशील!" म्हणत त्याने मला फ्रीझरमध्ये ठेवलं; सगळ्यांचे नमुने जमले की एकदमच तपासायचे होते.

पुढे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस आले. या दिवसांत इथे घरोघरी राजम्याची गोड खीर शिजते. नारळाचं दूध, रताळं, मनुका, वरून दुधाची बिस्किटं. पातेलंभर करायची आणि ओळखीपाळखीत वाटायची. युदेल्कानेही प्रयोगशाळेसाठी पातेलं आणलं. एलिगियोला खीर गारच लागते. त्याने ते पातेलं आमच्याच फ्रीझरमध्ये कोंबलं. पातेल्याचा कान आडवा आला आणि दार किलकिलं राहिलं.

फ्रीझर बोंबलू लागला. पण इथे रोज लाईट जाते, आणि रोज कुठला ना कुठला इन्व्हर्टर बोंबलतो. "गेली वाटतं पुन्हा मेली!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे घरी गेले. खीर आठवली ती दुसऱ्या दिवशी. तोवर मी पार वितळले होते.

अभ्यासाचा नियम कडक. वितळलेला नमुना बाद. नवं रक्त घ्यावं, तर ठरलेला दिवस उलटून गेलेला.

"माझीच खीर माझ्या मुळावर आली का हो, काका?" युदेल्का हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं.

"माझ्या जिभेला आग लागो!" एलिगियोने कपाळावर हात मारून घेतला. पण नियम मोडून मला तपासणीच्या यंत्रात घालायची हिंमत त्याला झाली नाही.

वॉर्डात माणसं कमी पडत होती. मेट्रनबाईंनी फोनवरच सांगितलं, "आकडा नाही ना? मग सूटही नाही. तिसरा डोस झालाय, उद्यापासून कामावर या."

आज मी जाळायच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत पडलेय. मघाशी युदेल्का आली, तोंडाला मास्क बांधूनच.

"पातेलं द्या, काका. एकदा वॉर्डात गेले की इकडे यायला मिळायचं नाही."

त्याने घासून ठेवलेलं पातेलं दिलं. ती माझ्या अगदी जवळून गेली. अगं, जाऊ नकोस! माझ्यात नावालाही प्रतिपिंडं नाहीत. ही वेगळ्या जातीची लसही तुला लागू पडली नाही गं. हे फक्त मला ठाऊक आहे, आणि मला तोंड नाही.

वाचकहो, तुम्हाला आहे. मला उचला, यंत्रात घाला, वितळले असले तरी मी खोटं सांगणार नाही. पण ते मागाहून करा. ती जिन्यापाशी पोचलीय, पातेलं काखेत आहे. आधी तिला हाक मारा.