पांढरीपांडे वकिलांचा नवा क्लच

सलील पांढरीपांडे वकिलांची लाल गाडी माहीत नाही असा माणूस यवतमाळात सापडायचा नाही, आणि ती तिसऱ्या गेअरमध्ये गेलेली पाहिली असाही सापडायचा नाही. दोन सीटची, छत उघडणारी, वीस-बावीस वर्षं जुनी स्पोर्ट्‌स कार. पुण्याहून आणली तेव्हा वकिलांची पन्नाशी उलटलेली आणि पोट स्टिअरिंगला टेकलेलं. रोज संध्याकाळी गॉगल लावून साहेब दत्त चौकात फेरी मारायचे. फेरी कसली, बाप्पा! भाजीची पिशवी घेतलेली बाई गाडीच्या पुढं निघून जायची. डावा पाय क्लचवर अर्धा दाबलेला आणि एक हात लोकांना नमस्कार करायला मोकळा. लोक गाडीकडे बघायचे आणि वकील लोकांकडे बघायचे.

मग एक दिवस चौकातच इंजिन नुसतं बोंबलायला लागलं आणि गाडी जागची हलेना. क्लच गेला होता.

"आधीच्या मालकानं गाढवासारखी चालवली असेल," वकिलांनी निकाल दिला.

"आधीच्याचं नाव कायले घेता? तुमच्याच पायानं जळला तो," मंजुषा म्हणाली. ही वकिलांची बायको, माहेर मारेगावचं. लग्नाआधी तिनं वडिलांची जीप चिखलातून शेतात नेलेली. "अर्ध्या क्लचवर रांगत जाता तुम्ही. मी बाजूला बसून पाहून राह्यले ना."

वकिलांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आवाज चढवला की आपला मुद्दा खरा ठरतो, अशी त्यांची कोर्टातली जुनी समजूत. त्याच तावात ते बोलून बसले, "नवा क्लच माझ्या हातून जळला तर गाडी विकून टाकीन!"

"शब्द?"

"शब्द!"

पोर्चमध्ये गाडी उभी, म्हणून मंजुषाची स्कूटर तीन उन्हाळे बाहेर तापत होती. तिनं तो शब्द नीट जपून ठेवला.

आता गाडी दुरुस्तीला नागपूरला न्यावी की नाही? पण छे! वकिलांनी दोन व्हिडिओ पाहिले होते. सोबतीला मंदार, त्यांचा मित्र, दातांचा डॉक्टर. दोघांनी पोर्चमध्ये गाडी स्टँडवर चढवली, गेअरबॉक्स खाली घेतला आणि फ्लायव्हील काढलं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागं फिरणारी जाड लोखंडी चकती, तिलाच क्लचची प्लेट जाऊन चिकटते. तिच्यावर निळे-काळे डाग पडले होते आणि बारीक तडे गेले होते.

मंदारनं टॉर्च मारून दाढ तपासावी तशी चकती तपासली. "भाजलंय रे हे."

"आधीच्या मालकानं."

"सलील, तीन वर्षं तूच..."

"आधीच्या मालकानं!"

मंदारनं टॉर्च बंद केला. नवं फ्लायव्हील बसलं, नवा क्लच बसला, पण गेअरबॉक्स काही केल्या चढेना. प्लेट बरोबर मधोमध धरायला एक साधी दांडी लागते. ती दिवसभर शोधली. दांडी सुट्या भागांच्या खोक्यात होती आणि खोकं वकिलांनी गाडीखाली उशाला घेतलं होतं. कोर्टाची उन्हाळी सुट्टी अशीच गेली, पण काम एकदाचं झालं. पेडल लोण्यासारखं दबत होतं. आनंदानं वकिलांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आता मोकळ्या रस्त्यानं वणीपर्यंत जाऊन येत जा," मंदारनं बजावलं. "नवा क्लच आधी नीट बसू दे. चौकात रांगू नकोस."

त्याच आठवड्यात मंजुषाचा मोठा भाऊ नंदकिशोर मारेगावहून आला. मुलाचं, राजदीपचं लग्न यवतमाळातच होतं. "जवाईबापू, घोडा काहून पाह्यजे आपल्याले? पोराची वरात तुमच्या लाल गाडीतून काढू!"

त्याचं वाक्य संपायच्या आत वकिलांनी होकार दिला. दारात उभ्या मंजुषानं फक्त विचारलं, "वरात पायी चालीनं जाते, माहीत हाये ना?"

"गाडी कशी चालवायची ते मला नको शिकवू."

तर मारुतीच्या देवळातून वरात निघाली. उन्हानं डांबर मऊ झालेलं. पुढं उमरखेडच्या भावसिंगचा बँड, मधे नाचणारे, मागं लाल गाडी. शेजारच्या सीटवर नवरदेव. कऱ्हा घेतलेल्या करवलीला जागाच नाही, म्हणून ती फुगून पायी चाललेली. दहा पावलं गेलं की बँड थांबायचा आणि नंदकिशोर दोन्ही हात वर करून नाचायचा. क्लच अर्धा, गाडी थोडी पुढं, पुन्हा ब्रेक. पुन्हा क्लच अर्धा.

चौक यायच्या आधीच जळका वास सुटला. वकिलांना तो बरोबर ओळखू आला.

मंजुषा गर्दीतून वाट काढत दाराशी आली. "इंजिन बंद करा. न्यूट्रलवर टाका. चौघं जण ढकलतील. अजून वाचते गाडी."

खरं तर तिनं गप्प बसायचं. गप्प बसली असती तर पोर्च तिचाच होता. पण पोर्चमध्ये पाठीवर पडून महिनाभर घामानं भिजलेला नवरा तिनं पाहिला होता, आणि तिला त्याची दया आली.

वकिलांनी वर पाहिलं. चौकातल्या गच्च्या माणसांनी भरल्या होत्या आणि सगळ्यांचे मोबाइल गाडीवर रोखलेले. "पांढरीपांडे वकिलाची गाडी ढकलत नेत नाहीत," ते म्हणाले, गॉगल वर सारला आणि डावा पाय पुन्हा अर्धा दाबला.

मंगल कार्यालयाच्या चढावर बॉनेटखालून धूर निघाला. इंजिन बोंबललं, गाडी तिथंच. मग काय, अख्ख्या वऱ्हाडानं ढकलली! भावसिंगनं बँड एक क्षणही थांबवला नाही. उलट गाडी पहिल्यांदाच त्याच्या तालात चालली होती.

दुसऱ्या दिवशी वकील चहा घेता घेता म्हणाले, "प्लेटच डुप्लिकेट असणार."

मंजुषानं हात पुढं केला. वकिलांनी छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि शेवटी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

गाडी भावसिंगनंच घेतली. इंजिन, गेअरबॉक्स, क्लच सगळं काढून टाकलं, तिथं स्पीकर बसवले आणि गाडीला दिव्यांच्या माळा लावल्या. आता लग्नसराईत ती वकिलांच्या घरासमोरून जाते, माणसं ढकलताहेत, आत नवरदेव, आणि गाडी पाहायला दोन्ही बाजूंनी गर्दी.

परवाही गेली. वकील गॅलरीत गॉगल लावून उभे होते. "गाढव आहे तो भावसिंग," ते फणकारले. "स्पोर्ट्‌स कार अशी रांगत नेतात का?"

मंजुषा खाली पोर्चच्या सावलीत स्कूटर लावत होती. "त्यानं आधी क्लच तरी काढून ठेवला," ती म्हणाली.

सवयीनं नमस्काराला उचललेला हात वकिलांनी हळूच खाली घेतला. रस्त्यावरून कोणी वर बघत नव्हतं.