दुसरा ब्रेक

एक पत्र चार महिने माझ्या कप्प्यात उत्तराविना पडून होतं.

मित्रांनो, मी गाडी शिकवण्याच्या शाळेतली जुनी मोटार आहे. कारखान्यातून मी इतर गाड्यांसारखीच निघाले. मग मास्तरांनी डाव्या बाजूलाही एक ब्रेक बसवून घेतला. शिकणाऱ्याचा पाय चुकला की मास्तरांचा पाय मला सावरी. पंधरा वर्षांत शेकडो माणसं माझ्यावर शिकली. मला ओरखडे पडले, पण कुणाला साधं खरचटलंही नाही.

पत्र एका जुन्या विद्यार्थिनीचं होतं. 'नवरा टेम्पो चालवतो. दोन पेले घेतले की हात उलट स्थिर होतो, म्हणतो. तुम्हीच त्याला शिकवलंत, तुमचं ऐकेल. दोन ओळी लिहा.' मास्तर पेन उघडत आणि मिटत. समारंभात तेही दोन पेले घेत, आणि त्यांनाही तसंच वाटे.

एके दुपारी ते मित्राच्या निरोपाच्या जेवणाहून थेट मैदानात आले. धड्याआधी रंगाच्या रिकाम्या डब्यांमधून मला नागमोडी फिरवून दाखवायचा त्यांचा रिवाज होता. शिकायला आलेल्या टेलरबाई डावीकडे बसल्या.

"बघा हं, डब्यांना कळणारही नाही," मास्तर खुशीत म्हणाले.

मला मात्र कळत होतं. चाक जास्त वळे, मग घाईने उलटं फिरे. एक डबा आडवा झाला, मग दुसरा, तिसरा. मास्तरांना पत्ताच नव्हता. समोर भिंत आली. त्यांचा पाय ब्रेककडे निघाला, पण जेवून उठलेल्या पाहुण्यासारखा, निवांत. तेवढ्यात डावा ब्रेक दाबला गेला. भिंत वीतभर उरली होती.

"पायाचं मशीन चालवते मी, मास्तर. उशिरा आलेला पाय मला कळतो. घेऊन आलात?"

"दोनच पेले. दाबतच होतो हो मी ब्रेक."

"तोवर भिंत थांबणार होती का?"

मास्तरांनी मागे वळून डबे पाहिले. किल्ली बाईंच्या हातात दिली आणि माझ्या बॉनेटवर कागद ठेवून टेम्पोवाल्याला लिहिलं, 'मलाही तसंच वाटायचं. आज मी तीन डबे पाडले आणि मला कळलंही नाही. हात हलतच असतो, तो हलतोय हे आपल्याला कळेनासं होतं. तुझ्या टेम्पोत दुसरा ब्रेक नाही.'

मित्रांनो, प्यायलेल्या माणसाच्या हाती आमची किल्ली देऊ नका. आम्ही लोखंडाच्या, पुन्हा ठोकून सरळ होतो.

टपालपेटी दोन रस्ते पलीकडे होती. मास्तर चालत गेले आणि पत्र टाकून आले.