जर्मनीचं लोणी

ईश्वरप्पानं बाटलीचं पांढरं झाकण फिरवलं, आतला सोनेरी कागद नखानं सोलला आणि बाटली नाकाखाली धरून डोळे मिटले. निंगव्वा तव्यावरची भाकरी उलटायची विसरून त्याच्याकडे बघत राहिली. सतरा वर्षांच्या संसारात या माणसानं खायच्या कुठल्या जिनसेचा वास घेतलेला तिनं पाहिला नव्हता.

“ती भाकरी दे,” तो म्हणाला. “गरमच पायजे.”

भाकरीचा पापुद्रा उचकटून त्यानं चमच्याच्या पाठीनं ते तपकिरी, तुकतुकीत काहीतरी आत पसरलं. वाफेनं ते लगेच पातळ झालं आणि कडेनं ओघळू लागलं. पहिला तुकडा लेकीला, विजयमालेला मिळाला. दुसरा शेजारच्या सारजाबाईंना. परदेशातून आलेला माणूस कसा दिसतो ते बघायला त्या सकाळपासून उंबऱ्यात ठाण मांडून होत्या. तिसरा निंगव्वाला.

“अगं बया,” सारजाबाई बोटं चाटत म्हणाल्या, “ह्ये तर शेंगाच्या लाडवाचं लोणी!”

“शेंगा न्हाईत, मावशी. तिकडं हेझल म्हणून गोल बी असती. ती भाजायची, वाटायची, त्यात चॉकलेट घालायचं. सकाळी पावाला लावून खात्यात. मी रोज चार-चार पाव खाल्ले की!”

आणि तो बोलतच सुटला. ईश्वरप्पा चादरींच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम होता. मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढल्यामुळे कामावर त्याचं सगळं बोलणं हातवाऱ्यांनी चाले आणि घरी आला की हातही गप्प होत. मालकांनी जर्मनीहून नवे माग मागवले, ते समजून घ्यायला त्याला सहा आठवडे तिकडे धाडलं, आणि हा असा बोलका होऊन परतला. पहिले काही दिवस निंगव्वानं बांधून दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांवर निघाले. घरमालकीण म्हातारी ताटात मांस वाढायची, हा हात जोडायचा. मग एका सकाळी तिनं ही बाटली पुढे ठेवली. पुढं तर रविवारी तळं बघायला निघाला तरी म्हातारी दोन पावांमध्ये हेच भरून कागदात बांधून द्यायची. आगगाडीच्या खिडकीशी बसून, बाहेर बर्फ पडत असताना, ते कसं लागायचं हे सांगताना त्यानं पुन्हा डोळे मिटले.

निंगव्वानं भाकरी उलटली. ती एका बाजूनं करपली होती.

आमटी कशी झालीय असं विचारलं तर हा माणूस “बरी हाय” म्हणायचा. मीठ विसरलं तरी “बरी हाय”. आणि सहा आठवडे कुणी परकी म्हातारी पावाला काहीतरी फासून देते, तर त्याचं एवढं कौतुक. तिनं बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली, डाळीच्या डब्यामागं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना तिनं ती खाली काढली. नेमकं काय आहे ते तरी बघू, म्हणून अर्धा चमचा तोंडात घातला. जिभेवर आधी गोडवा पसरला, मग भाजल्या बियांचा खमंगपणा, आणि अगदी शेवटी जराशी कडू चव. रागानंच तिनं आणखी एक चमचा घेतला. मग भिंतीला टेकून, पाय पसरून, बाटली मांडीत घेऊन तिनं सावकाश तिसरा चाखला. अशा गोष्टीवर रागवायचं तरी कसं, तिला कळेना.

महिनाभरात बाटली तळाला गेली. ईश्वरप्पाच्या ते लक्षात आलं असावं, कारण तो स्वतःच्या भाकरीला नुसतं नावापुरतं लावू लागला.

माघात नवे माग आले आणि ते बसवून द्यायला ओटो नावाचा उंच, तांबड्या गालांचा जर्मन मेकॅनिकही आला. एका रविवारी कारखान्याचे इंजिनिअर हरिदाससाहेब त्याला ईश्वरप्पाकडे जेवायला घेऊन आले. ओटोला थोडंफार इंग्रजी येत होतं. मांडी घालणं त्याला जमेना. शेवटी तो पाय एका बाजूला घेऊन बसला. पिशवीतून त्यानं त्याच पांढऱ्या झाकणाच्या दोन बाटल्या काढून ताटाशेजारी मांडल्या. ओटो त्या घरमालकीण म्हातारीच्या शेजारीच राहायचा; तिनंच त्या पाठवल्या होत्या.

निंगव्वानं दारातून पुढं होत त्याच्या ताटात भाकरी ठेवली. ओटोनं ती दोन्ही हातांनी उचलली, उजेडात धरली आणि ओळखीचं कुणी भेटल्यासारखा ओरडला, “निंगव्वा!”

घरच्या बाईला पाहुण्यानं असं नावानं पुकारावं! निंगव्वानं पदर सावरला. हरिदाससाहेबांनी घाईनं ओटोला इंग्रजीत काही विचारलं, त्यानं भाकरीकडे बोट करून काही सांगितलं, आणि साहेब हसू लागले.

“अहो, त्यांना वाटतं या पदार्थाचंच नाव ते. म्हातारीनं भाकरीचा डबा बघून विचारलं, हे काय? तर ईश्वरप्पांनी सांगितलं, निंगव्वा. ईश्वरप्पांना वाटलं असेल, कुणी केलं ते विचारतेय.”

ईश्वरप्पा पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे सरकवत होता.

ओटो आणखी बोलत राहिला. साहेबांचं हसू हळूहळू मावळलं.

“ते म्हणतात, रोज सकाळी ईश्वरप्पा भाकरीचा तुकडा मोडून म्हातारीला द्यायचे आणि हातानं थापून दाखवायचे. अशी थापायची, अशी फुगते. डबा संपल्यावरही चॉकलेट लावलेला पाव चाटूनपुसून खायचे आणि मान हलवून म्हणायचे, निंगव्वा न्हाई. आता म्हातारीनं निंगव्वा मागितलीय. या बाटल्यांच्या बदल्यात.”

लग्नात आग्रहामुळं घेतलेल्या उखाण्यानंतर ईश्वरप्पाच्या तोंडून आपलं नाव निंगव्वानं ऐकलेलं नव्हतं. घरात ती ‘अगं’ होती, ‘विजूची आई’ होती. चुलीकडे वळून तिनं पीठ मळायला घेतलं. पाणी जास्त पडलं, तशी तिनं आणखी पीठ घेतलं. बाहेर विजयमाला खुदखुदत होती.

शेंगाच्या चटणीनं ओटोच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्यानं नवी बाटली उघडून भाकरीला जाडसर थर लावला आणि चटणी-चॉकलेट एकत्रच खाल्लं. मग रिकामं ताट पुढं केलं.

“निंगव्वा?”

“आले की,” चुलीपुढून ती म्हणाली.

टम्म फुगलेली भाकरी घेऊन ती बाहेर आली. ओटोचं ताट तसंच पुढं धरलेलं होतं. तिनं भाकरी ईश्वरप्पाच्या ताटात ठेवली, आणि उघडी बाटली त्याच्याकडे सरकवली.