धाकट्याची गोळी

"बाबा आलेत बघ. दार उघड," अक्का म्हणाली.

बाबांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. धाकट्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. काल संध्याकाळी ती चांगली आपल्या हातानं जेवली होती. आज अंथरूण ओलं आणि बोलणं हे असं, भलतंच. तो तिला तसाच गाडीत घालून इस्पितळात घेऊन गेला.

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून त्याचे केस पिकले होते. गल्लीतले लोक गमतीनं त्याला 'डॉक्टर' म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. घरात मात्र एकसष्टाव्या वर्षीही तो धाकट्याच. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि अक्का सतराची. शर्टांना काजं करून तिनं त्याला वाढवलं. कुणी लग्नाचं काढलं की म्हणायची, "मला आयता मुलगा मिळालाय, आता नवरा कशाला?"

सहा-सात वर्षांपूर्वी एकदा ती दाराआड उभी राहून म्हणाली होती, "धाकट्या, लघवीला फार जळजळ होते रे."

"तपासून घेऊ या. गल्लीत डॉक्टरीणबाई आहेत की."

"असलं परक्या माणसाला सांगू? तुला सांगतेय तेच पुष्कळ झालं. तूच दे काहीतरी."

त्यानं दिलं. दोन दिवसांत ती टुणटुणीत. उरलेल्या गोळ्या तिनं पुढच्या वेळेसाठी ठेवून दिल्या, त्यानंही ठेवू दिल्या. मग दर दोन-तीन महिन्यांनी तेच. एक गोळी लागू पडेनाशी झाली की तो वरच्या फळीवरची जास्त जोराची काढायचा. अक्का शेजारणीला सांगायची, "माझ्या भावाच्या हाताला गुण आहे."

इस्पितळात तिसऱ्या दिवशी तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी लघवीचा रिपोर्ट त्याच्यापुढे धरला. औषधांची लांबलचक यादी होती. एकूण एक नाव त्याच्या ओळखीचं, आणि शेवटचं सोडून प्रत्येकापुढे एकाच अर्थाचा शेरा: जंतू दाद देत नाहीत.

"काका, याआधी त्यांना अँटिबायोटिक्स कुणी दिली होती?"

गप्प बसता आलं असतं. "मी," तो म्हणाला. यादीवरून त्याचं बोट खाली सरकत गेलं. "ही. ही पण. आणि ही तर गेल्याच महिन्यात. तपासणी एकदाही केली नाही."

"असे चिवट जंतू इस्पितळातूनही लागतात, काका. सगळं स्वतःवर घेऊ नका."

"पण एकदा जरी तपासून घेतलं असतं तर?"

बाईंनी यादीतल्या शेवटच्या नावावर बोट ठेवलं. "एक इंजेक्शन उरलंय. मूत्रपिंडांना जड जातं. पण देऊन बघू."

इंजेक्शन सुरू झालं. ताप हटला नाही, आणि लघवी मात्र कमी कमी होत गेली. पाचव्या दिवशी दुपारी अक्कानं डोळे उघडले, त्याला नीट ओळखलं.

"धाकट्या, या लोकांच्या औषधात काही दम नाही. तुझी गोळी दे."

"नाही अक्का."

"अरे, एक दे. तुझ्या गोळीनं मला लगेच बरं वाटतं."

त्यानं नुसती मान हलवली.

"तुला मी कधी कशाला नाही म्हटलं?" ती पुटपुटली. "आणि तू एवढ्याशा गोळीला नाही म्हणतोस." तिनं मोठ्या कष्टानं कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"अक्का, इकडे बघ ना."

ती बघेना. तो तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. पाठ तव्यासारखी तापली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हाताखाली ती हळूहळू निवत गेली. नर्स आली, तिनं नाडी पाहिली, मृत्यूची वेळ लिहून घेतली, आणि अक्काला सरळ करायला वाकली.

"जरा थांबा," तो म्हणाला. मग उठला, पलंगाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेला, आणि अंग चोरून त्या अरुंद फटीत तिच्यासमोर उभा राहिला.