आवडाबाईची दाढ

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. चुलीतले निखारे उचलणारा नव्हे, माणसाची किडलेली दाढ उपटणारा. आपली कर्मकहाणी सांगताना माझ्यासारख्या वस्तू सहसा हळव्या होतात. मला ते जमायचं नाही. मला राग आला आहे, आणि पंधरा वर्षं उलटली तरी तो निवलेला नाही.

माझा जन्म विलायतेतला. पोलाद तापवून, ठोकून, कानशीने घासून माझे दोन जबडे केले आणि दाढ निसटू नये म्हणून आतून त्यांना बारीक दाते पाडले. मग सुऱ्या-कात्र्यांच्या शेजारी एका पेटीत निजून मी जहाजाने मुंबईला उतरलो आणि १८७९ साली ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात येऊन पडलो. कुणा शेटजींनी तो गोरगरिबांसाठी बांधून दिला होता.

पहिली दोन वर्षं मी सुखात काढली. डॉक्टर गुरुदत्त हे मोठे अघळपघळ गृहस्थ होते. त्यांच्याकडे एकच लांब बाक. त्यावर तापाचा रोगी, खोकल्याचा रोगी आणि गालाला फडकं बांधलेला रोगी खांद्याला खांदा लावून बसत. एकाला तापावरचं कोयनेल पाजायचं, लगेच दुसऱ्याची दाढ काढायची, मध्ये फक्त मला उकळत्या पाण्यात बुडवायचं. कुणी विचारलंच, तर ते म्हणत, "अरे, तोंड काय माणसाच्या बाहेर असतं?" खाडीपलीकडून, कळव्याच्या मिठागरांतून माणसं यायची आणि जाताना माझ्याकडे बघून हात जोडायची. मी फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू?

पुढे गुरुदत्त कल्याणच्या दवाखान्यात गेले आणि त्यांच्या जागी श्रीपादराव आले. माणूस दुष्ट नव्हता. वेळेवर यायचा, औषध मोजूनमापून द्यायचा, गरिबावर कधी ओरडायचा नाही. पण दुसऱ्याच्या तोंडात बोट घालणं म्हणजे त्याच्या उष्ट्यात हात घालणं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. नाडी बघे ती दोन बोटांनी, जीभ बघे ती चार हात लांबून. आल्या आल्या त्याने सांगून टाकलं, "ताप, पोट, जखम हे आपलं काम. दात न्हाव्याचं." कंपाउंडर महिपतने मला पुसलं आणि काचेच्या कपाटात ठेवलं.

चैत्रात आवडाबाई आली. मिठागरात काम करणारी, डोक्यावर ओल्या मिठाच्या दोन-दोन पाट्या वाहणारी धिप्पाड बाई. तिचा नवरा धोंडीबा बरोबर होता. तिचा गाल टम्म सुजलेला आणि अंगात सणकून ताप.

"दाक्तर, चार दिस झालं, भाकर खाल्ली नाय," ती म्हणाली. "या दाढेनं जीव चाललाय माजा. काडून टाका ना."

"हे पाहा बाई, तापावर पुडी देतो. दाढेसाठी बाजारातल्या पोपट न्हाव्याकडे जा."

ती निमूट उठली. अर्ध्या तासाने परत आली.

"त्यो काडीत नाय," ती म्हणाली. "बोलतो, अंगात ताप हाय, सूज हाय, कमीजास्त झालं तं लोक माजा गळा धरतील. पयला दाक्तरकडून ताप उतरवून ये, मंग बगू."

"बरोबरच आहे त्याचं," श्रीपादराव म्हणाले. "तीन दिवस पुड्या घे. ताप उतरला की जा त्याच्याकडे."

बरोबर! काचेआड माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाही हे मला ठाऊक आहे. पण ताप होता त्या दाढेमुळे. दाढ निघाल्याशिवाय तो उतरणार नव्हता आणि तो उतरल्याशिवाय न्हावी दाढ काढणार नव्हता. शाळेतल्या पोरालाही हे कळलं असतं. महिपतला तर कळलंच होतं.

"डॉक्टर," तो हळूच म्हणाला, "चिमटा आहे आपल्याकडे."

"मला माहीत आहे, महिपत."

तीन दिवसांनी ती पुन्हा होडीतून आली. सूज हनुवटीखाली उतरली होती. श्रीपादराव चार हातांवरून वाकले आणि गंभीर चेहरा करून म्हणाले, "दाढ आत आहे तोवर हा ताप हटायचा नाही. आधी ती काढून ये." ऐकलंत? आता दाढ आधी! धोंडीबाचा तोल सुटला. "तुमी त्याच्याकडं धाडता, त्यो तुमच्याकडं धाडतो. आमी काय चेंडू हाव?" पण आवडाबाईनेच त्याचा हात धरला. "चल ओ," ती म्हणाली, "शिकलेला मानूस हाय, त्याला ठावं." आणि ती उठून पोपटकडे गेली. पोपटने लांबूनच नकार दिला, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर दोन दिवसांनी चौघांनी तिला घोंगडीत घालून आणलं. मान गालाइतकी रुंद झाली होती. श्वास घेताना घशातून आवाज येत होता. महिपतने कुणाला न विचारता कपाट उघडलं, मला उकळत्या पाण्यात घातलं आणि श्रीपादरावांच्या समोर धरलं. मग, हे सांगायलाच हवं, त्यांनी हात पुढे केला. मला घेतलं. तिच्याजवळ गुडघे टेकून बसले. पहिल्यांदाच.

पण तोंड उघडेना. जबडा असा आवळला होता की त्यातून चमचाही आत जात नव्हता. "उघड बाई, थोडं उघड," ते म्हणत होते, पुन्हा पुन्हा म्हणत होते. पाच दिवसांपूर्वी जे तोंड ती त्यांच्यासमोर वासून बसली होती, ते आता मिटलं होतं. परतताना होडीतच ती गेली. दवाखान्याच्या वहीत श्रीपादरावांनी कारण लिहिलं: ज्वर.

पावसाळा सरला आणि तपासणीला एक गोरा साहेब आला. महिपतने सगळी हत्यारं टेबलावर मांडली. साहेबाने मला उचललं, उजेडात फिरवलं आणि खुशीत म्हणाला की इतकी नीट जपलेली हत्यारं त्याने सबंध जिल्ह्यात पाहिली नाहीत. श्रीपादराव खाली मान घालून उभे होते. महिपतला राहवलं नाही. "साहेब," तो मराठीत म्हणाला, "चिमटा नीट आहे, कारण वापरलाच नाही. तो वापरला असता तर कळव्याची एक बाई आज जिवंत असती."

मराठी न कळणाऱ्या साहेबाने श्रीपादरावांकडे बघितलं. काय म्हणतोय हा?

श्रीपादरावांनी इंग्रजीत सांगितलं, "हा म्हणतो, साहेबांच्या कौतुकाने आम्ही धन्य झालो."

मी विलायतेतला, मला इंग्रजी समजतं. मित्रांनो, त्या क्षणी मी बोलू शकलो असतो तर!

आता माझे दाते गंजले आहेत. माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही, मला फार जपलं गेलं. माझं मागणं वेगळं आहे. तुमचं कुणी ताप घेऊन, सुजलेला गाल घेऊन दवाखान्यात गेलं आणि तिथला शहाणा माणूस म्हणाला, 'हे आमचं काम नाही, तिकडे जा', तर उठू नका. बाकाला चिकटून बसा. ओरडलं तरी बसा. आवडाबाई तीनदा उठून गेली. ती भली होती, आणि न उठण्याचाही आपल्याला हक्क आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.